आधी त्याचं, मग माझं

मेंढरांनी हायवे अडवला होता, आणि मला पहिल्या तासाला उशीर होत होता.

श्रावणातली सोमवारची सकाळ. रस्त्याच्या या अंगाला ऊन, त्या अंगाला बारीक सर. निमगाव साव्याहून हॉस्टेलवर परतताना मी नेहमीच उशिरा निघते आणि नेहमीच दोष रस्त्याला देते. त्या दिवशी मात्र दोष खरोखरच रस्त्याचा होता. माझ्यापुढे टेम्पो, टेम्पोपुढे मेंढरं, आणि मेंढरांच्या कडेला, समोरून आलेल्या ट्रककडे तोंड करून, दोन्ही हात पसरून उभा असलेला एक उंच मुलगा. ट्रकवाल्याचा हात हॉर्नवरून उठत नव्हता. हा आपला शांत... हॉर्न दुसऱ्याच कुणासाठी वाजत असावा, असा.

एवढ्यात एक कोकरू कळपातून फुटलं आणि थेट माझ्या स्कूटीच्या चाकापाशी येऊन उभं राहिलं.

“ओ! तुमचं एक राहिलं इथं!” मी ओरडले.

“उचला की मग!” तो तिकडूनच म्हणाला. “चावत न्हाई ते.”

उचललं. ओलं होतं, गरम होतं, आणि त्याचं काळीज माझ्या तळहाताखाली धडधडत होतं. शेवटचं मेंढरू पलीकडे गेल्यावर तो आला. कोकरू घेताना त्याची बोटं माझ्या मनगटाला लागली – आणि कोकरू गेल्यावरही धडधड काही थांबेना.

“तुमच्यामुळे उशीर झाला मला,” मी म्हणाले. रागाने म्हणायचं ठरवलं होतं. ते तसं आलं नाही.

“कुठं जायचंय?”

“अवसरीला. इंजिनिअरिंग कॉलेजला.”

तो हसला. आधी डोळ्यांनी, मग ओठांनी.

“हसायला काय झालं?”

“काय न्हाई... व्हा तुमी पुढं. मी येतोच.”

काय आगाऊ आहे, असं पुटपुटत मी स्कूटी दामटली. पण ते ‘येतोच’ दिवसभर कानात राहिलं.

तो खरंच आला. गुरुवारी.

सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाच्या दोन्ही तुकड्यांना मिळून मूल्यशिक्षणाचा एक तास होता, जेवणानंतरचा. असला तास डुलकीसाठीच असतो, यावर आमचं एकमत होतं. पण निर्मला मॅडम नव्याने आल्या होत्या आणि त्यांनी आम्हाला बाकांवर बसूच दिलं नाही. ड्रॉइंग हॉलमधली टेबलं भिंतीला सारली, जुन्या शीट जमिनीवर अंथरल्या आणि सगळ्यांना गोल करून बसवलं. माझ्या बरोबर समोर, दुसऱ्या तुकडीच्या पोरांत – निळा, इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग – हायवे अडवणारा तो!

मी डोळे मोठे केले. त्याने हळूच भुवई उडवली... म्हणालो न्हवतो का?

“या तासाला एकच नियम,” मॅडम म्हणाल्या. “आपलं बोलायच्या आधी, मागच्या माणसाचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. तो ‘हो, हेच’ म्हणाला, की मगच आपलं बोलायचं. आधी त्याचं, मग माझं.”

हा नियम थेट माझ्या मुळावर आला. आमच्या घरी म्हणतात, समृद्धी म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत माझं उत्तर तयार असतं.

पहिलाच प्रश्न होता, तुम्ही कशासाठी शिकताय? आमचा सीआर समर्थ म्हणाला, “पॅकेजसाठी.” सगळे हसले. मी त्याचं म्हणणं झटकन सांगून टाकलं आणि मग माझं सुरू केलं. राष्ट्राची उभारणी, पायाभूत सुविधा, तरुणांचं योगदान. शाळेत याच वाक्यांवर मला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं होतं. माझ्यानंतर त्याची पाळी आली. नाव गोरक्ष, हे तेव्हा कळलं.

“समृद्धीचं म्हणणं असं...” तो अडखळला. माझ्याकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ. “मला न्हाई सांगता येणार, मॅडम. ती बोलली ते सगळं ऐकू आलं. पण ती त्यात कुठं दिसली न्हाई.”

हॉलभर ‘ओहो’ झालं. माझे कान तापले.

“बरं, मग तू कशासाठी शिकतोस?” मॅडमनी विचारलं.

“मला माहीत न्हाई,” तो म्हणाला. यावर मात्र कुणीच हसलं नाही. कारण ते आमच्यापैकी बऱ्याच जणांचं खरं उत्तर होतं.

तास सुटल्यावर मी त्याला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

“कुठं दिसली नाही म्हणजे? एवढी समोर बसले होते मी!”

“समोर व्हतीस ते दिसलं की. तेच बघत बसलो... म्हणून तर ऐकण्यात चूक झाली आसंल.”

मी नळ सोडला, पाणी न पिताच बंद केला आणि निघून आले.

पुढचे गुरुवार कसे आले आणि कसे गेले... त्या हॉलच्या खिडक्यांतून भीमाशंकरकडचे डोंगर दिसतात. कधी दिसतात, कधी ढग खाली उतरून त्यांना पुसून टाकतात. बाहेर पाऊस बारीक वाजत असायचा, आत कुणीतरी हळू आवाजात काहीतरी खरं बोलत असायचं. कुणी घरच्यांनी ढकललं म्हणून आला होता, कुणाला घरून पळायचं होतं. समर्थला पॅकेज हवं होतं ते आईला शेतावरच्या मजुरीतून सोडवायला. हे त्याने सांगितलं, त्या दिवशी कुणी ‘ओहो’ केलं नाही. आणि मी – मी ऐकायला शिकत होते. त्यामागे काही उदात्त हेतू नव्हता. गोरक्ष बहुतेकदा नेमका माझ्या आधी बोलायचा, आणि त्याचं म्हणणं सांगताना मी चुकले, तर तो फक्त मान हलवायचा, “न्हाई.” त्याच्याकडून ‘हो, हेच’ मिळवण्यासाठी मी जिवाचा कान करायचे.

भाद्रपदात एकदा विषय निघाला हायवेचा. रुंद करावा, उड्डाणपूल करावेत, समर्थ आकडेच फेकत होता. गोरक्षने आधी त्याचं म्हणणं सांगितलं, मग स्वतःचं.

“आमची मेंढरं दरसाल दिवाळी झाली की कोकणात उतरत्यात, पावसाच्या आधी परत येत्यात. आज्याच्या आज्यापासनं तीच वाट हाय. नकाशात ती कुठंच न्हाई. रस्ता मोठा झाला की आमी दोन हात पसरून उभं ऱ्हातो. कवा कवा हातानं भागत न्हाई.” तो थांबला. “गेल्या साली माझं कुत्रं गेलं. तेवढंच.”

आता माझी पाळी होती. मी डोळे मिटले. मला त्या सकाळचा पसरलेला हात दिसला.

“गोरक्षचं म्हणणं असं,” मी सावकाश म्हणाले, “की रस्ते होऊ देत. पण काढणाऱ्याला त्या वाटेची माहिती हवी. रस्त्याखालून मेंढरांना जायला वाट ठेवणारा कुणीतरी इंजिनिअर हवा... आणि तो आपणच व्हावं, असं त्याला वाटतं.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. बाहेर सर थांबली होती.

“शेवटचं मी म्हणालो न्हवतो,” तो म्हणाला. मग हळूच, “...पण हो. हेच.”

त्या दिवशी मी हॉस्टेलवर चालत गेले नसावे. पाय जमिनीला लागल्याचं काही आठवत नाही.

उसनं ठेवायचं नाही, असा त्याचा स्वभाव. पुढच्याच गुरुवारी त्याने माझं म्हणणं सांगितलं. मी मार्कांचं, घरच्या अपेक्षांचं काहीबाही बोलले होते. तो म्हणाला, “समृद्धीला माणसांशी बोलायला लई आवडतं. कुठंबी गेली तरी आधी माणसांना विचारती, तुमी पाणी कुठनं आणता, येता-जाता कुठनं. पण हे काय इंजिनिअरचं काम न्हाई, असं तिला वाटतं. मला वाटतं, नकाशा काढायच्या आधीचं कामच ते हाय.”

“हो,” मी म्हणाले. “हेच.”

एकवीस वर्षं मी बडबडत होते, आणि मला काय म्हणायचंय ते मला या माणसाने सांगितलं! त्याच क्षणी मला कळलं, की मी त्याच्या प्रेमात पडले आहे. जात वेगळी, घरं वेगळी, आमच्या भावकीत काय बोलतील तेही ठाऊक होतं. ते सगळं ठाऊक असूनही मला हलकं वाटत होतं. त्याला मात्र मी काहीच बोलले नाही. चहाला जायचो, एकमेकांना चिडवायचो, आणि खरं बोलायची वेळ आली की मी चहात बिस्कीट बुडवायचे. ते तुटून कपात पडायचं. तो चमच्याने काढून द्यायचा.

दिवाळीआधीचा शेवटचा गुरुवार. त्याची पाळी आली.

“सुट्टीनंतर मी येणार न्हाई,” तो म्हणाला.

बाप एकटा पडला होता, सोबतचा गडी काम सोडून गेला होता. कळप कोकणात न्यायला माणूस नव्हतं. पेपर बुडणार होते. एक हंगाम, मग परत येईन, असं तो म्हणाला, पण त्याचा चुलतभाऊही एकाच हंगामासाठी गेला होता आणि कधीच परत आला नव्हता, हे त्यानेच मला चहा पिताना सांगितलं होतं.

“याचं म्हणणं कोण सांगेल?” मॅडमनी विचारलं.

माझा हात वर गेला. सवयच लागली होती. आणि मी सांगितलं... किती छान सांगितलं! पाऊस-थंडीत ज्या बापाने खांद्यावर बसवून घाट उतरवला, त्याला ऐन घाटात एकटं सोडून इथे बसून पुस्तक वाचणं त्याला जमणार नाही. वाट काढायची ती पुढे कधीतरी, आधी वाटेवरच्या माणसाला हात द्यायचा. बोलता बोलता माझाच आवाज कापला. गोरक्षचे डोळे भरून आले.

“हो,” तो म्हणाला. “हेच.”

आता माझं. जाऊ नकोस, एवढंच तर म्हणायचं होतं. मी श्वास घेतला... आणि घंटा झाली. दिवाळीच्या गाड्या पकडायच्या होत्या. सगळा गोल एका क्षणात उठला, बॅगा उचलल्या गेल्या, पोरं जिन्याकडे धावली.

तो माझ्यापाशी आला. “जावं का ऱ्हावं, मला कळतच न्हवतं. तू बोललीस अन् कळलं. लई बरं वाटलं, समृद्धी.”

“गोरक्ष, अरे...”

“भाऊबीजेला डिंभ्याला धरणाच्या कडंला उतरू आमी. मग घाट.” तो हसला, या वेळी फक्त ओठांनी. आणि गेला.

मीच, माझ्याच तोंडाने, माझ्याच माणसाला वाटेला लावलं होतं! आणि तेही इतकं नीट, की बिचाऱ्याला शंकासुद्धा उरली नाही.

त्या दिवाळीत आमच्या घरात शांतता होती. “बरं नाही का गं?” आईने तीनदा विचारलं. चिवडा भाजताना चौथ्यांदा विचारलं, तेव्हा मी म्हणाले, “वर्गातलं एक जण कॉलेज सोडतंय.”

“पोरगा का पोरगी?”

“...पोरगा.”

आई झाऱ्याने चिवडा हलवत राहिली. “मग तू काय म्हणालीस त्याला?”

“त्याचंच म्हणणं त्याला सांगितलं.”

“अन् तुझं?”

आईने गॅस बारीक केला. “आमच्यासमोर एवढी चुरूचुरू चालणारी जीभ, नेमकी तिथंच कशी गं बसली?”

त्याचा फोन लागत नव्हता. आणि असलं काही फोनवर बोलायचंही नसतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी घोडेगावला उतरून डिंभ्याची एसटी पकडली. स्कूटी भाऊ घेऊन गेला होता, म्हणून एसटी. रस्ताभर मी एकच वाक्य घोकत होते. मला तू आवडतोस, जाऊ नकोस. मला तू आवडतोस, जाऊ नकोस. शेजारची आजी म्हणाली, “परीक्षा हाय का गं पोरी?”

“हो,” मी म्हणाले. खोटं कुठे होतं?

डिंभ्याचं पाणी त्या सकाळी धुक्यात होतं. पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं, ते दिसत नव्हतं. कडेच्या पिवळ्या गवतावर मेंढरं बसली होती, दोन घोड्यांवर बिऱ्हाड लादायचं चाललं होतं. गोरक्ष वाघर गुंडाळत होता – रात्री मेंढरांभोवती लावतात ते जाळं. मला बघून त्याच्या हातातून ते सुटलं.

“तू? हितं?”

घोकलेलं सगळं वाक्य विरलं. “सहज आले होते,” मी म्हणाले. सहज! निमगावहून डिंभ्याला!

त्याची आई, तानूबाई, चुलीपाशी होती. तिने मला खालून वर नीट बघितलं आणि काही न विचारता चहा पुढे केला. वडील सोनबा घोड्याचा कासरा धरून गवतावर टेकले. मला शांतता सोसत नाही. आणि बोलायचं कसं, ते आता मला एकाच पद्धतीने येत होतं.

“काका,” मी म्हणाले, “गोरक्ष म्हणतो, तुम्हाला एकट्याला कळप झेपणार नाही. त्याने शिक्षण सोडून सोबत यावं, असं तुमचं म्हणणं आहे. हेच ना?”

सोनबांनी कप खाली ठेवला. “म्या कवा म्हनलं?”

गोरक्ष वळला. “आबा, गडी गेला तवा तुमी गप बसला व्हता की. मला वाटलं...”

“तू पुस्तकं बांधून ठिवली अन् काठी घेतलीस. मला वाटलं, पोराला शाळा नकोशी झाली. बळजबरी कशाला करा? म्हणून गप बसलो.” म्हातारा माझ्याकडे वळला. “याचा मामा गेणभाऊ कवापासनं म्हणतोय, दोनी कळप एकात घालू, माणसं पुरत्याल. म्या म्हनलं, नगं, माजा पोरगा हाय संगं.”

“अन् मला कुणी इचारलं न्हाई,” तानूबाई चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली. “मी तर रोज देवाला म्हणत व्हते, याला बुद्धी दे, पेपराला बसू दे. देवाला सोडून ह्या दोगांना म्हणाया पायजे व्हतं.”

गोरक्ष मटकन गवतावर बसला. हसावं की रडावं, हे त्याला कळत नव्हतं. वर्गात कुणाच्याही मनातलं नेमकं सांगणाऱ्याने आपल्या बापाला एकदाही विचारलं नव्हतं. बापानेही नाही. दोघांनी एकमेकांसाठी सगळं सोडायचं ठरवलं होतं, अगदी मुकाट्याने.

“गेणभाऊ कुठं हाय?” शेवटी त्याने विचारलं.

“म्होरल्या वस्तीला. दुपारपतूर गाठू आमी,” सोनबा उठले. “पेपर कवा हाय?”

“सोमवारी.”

“मंग हितं काय करतोस? यष्टी हुकंल.”

एसटी यायची तेव्हा येते, पण त्या दिवशी लगेच आली. गोरक्षने एक पिशवी उचलली. आईच्या पाया पडला. बापाच्या पाया पडायला वाकला, तर बापाने त्याला मध्येच धरला आणि नुसता पाठीवर हात फिरवला. एवढं सगळं होईपर्यंत कंडक्टर दारात उभा राहून हाका मारत होता.

आम्हाला मागची सीट मिळाली. खिडकीतून दिसलं, घोडी पुढे झाली, मागे मेंढरं, सर्वांत मागे तानूबाई. ते सगळे घाटाकडे निघाले होते आणि आम्ही उलटीकडे. सोनबा एकटेच वळून उभे होते, एक हात डोळ्यांवर धरून. मग धुकं आलं. गोरक्षने कपाळ खिडकीच्या गजांना टेकवलं. त्याचे खांदे हलत होते. मी त्याचा हात घेतला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

“कुठं?” कंडक्टरने विचारलं.

“मंचर,” आम्ही एकदम म्हणालो. अवसरीच्या कॉलेजला तिथूनच जायचं.

“एक फुल, एक हाफ.” त्याने आमच्या हातांकडे बघितल्याचं अजिबात दाखवलं नाही.

बरंच पुढे आल्यावर गोरक्षने तोंड पुसलं. “सहज आली व्हतीस?”

“नाही.”

“मग?”

माझ्या छातीत परत तीच धडधड. वाक्य कुठेच सापडेना. मग मी शोधणंच सोडून दिलं. “मला तू फार आवडतोस, गोरक्ष. हे त्या दिवशी सांगायचं होतं.”

“मला ठाऊक व्हतं.”

“काय? कधीपासून?”

“त्याच दिवशी कळलं. माझं म्हणणं तू सांगितलंस ना... तसं माझ्या आईलाबी सांगता आलं नसतं. इतकं ऐकून घ्यायला माणूस आवडावंच लागतं.” त्याने माझी बोटं हलकेच दाबली. “मलाबी तू तशीच आवडतीस. लई दिवसांपासनं.”

“ठाऊक होतं, तर गेलास कशाला?” माझा आवाज चढला. पुढच्या सीटवरच्या दोघी वळून बघायला लागल्या. बघू देत!

“तू थांब म्हणाली न्हाईस.”

बाहेर धुकं फाटून ऊन पडत होतं. घोडेगावची घरं दिसायला लागली होती. मी त्याच्याकडे वळले, सगळ्या एसटीसमोर.

“थांब,” मी म्हणाले.

तो हसला, आधी डोळ्यांनी, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून त्याने डोळे मिटून घेतले. मंचर येईपर्यंत मी अंग हलवलं नाही.